घुमटाखालची जमीन

आइनार सेल्विक हा नॉर्वेचा वादक मूळचा ब्लॅक मेटलवाला. ‘गोर्गोरॉथ’ नावाच्या बँडमध्ये तो ड्रम बडवायचा. 2003मध्ये त्याने ‘वार्ड्रुना’ हा वेगळाच घाट घातला आणि 2009 ते 2016 या काळात जुन्या रून लिपीच्या एकेका अक्षरावर एकेक रचना करत तीन अल्बमांची मालिका पुरी केली. बोकडाचे शिंग, जुन्या नमुन्यांवरून घडवलेली तंतुवाद्ये, कातड्याचे ढोल आणि रानात, पाण्यात जाऊन टिपलेले आवाज, असा सगळा संसार. ‘व्हायकिंग्ज’ या दूरचित्रवाणी मालिकेने हे संगीत घरोघर पोचवले. वादक, कारागीर, कवी, भाषेचा अभ्यासक आणि थोडासा पुजारी, हे सगळे एकाच माणसात असणारा कलावंत तेव्हापासून फॅशनमध्ये आहे. हरमलच्या किनाऱ्यावर सूर्यास्ताला ढोलवाल्यांचे रिंगण जमते, तिथेही या सुरांचे चाहते भेटतात. मग गोव्यातली संगीत करणारी तरुण मुले विचारतात: आपल्याकडे लईराई आहे, सातेरी आहे, देवचार आहे, मग आपला वार्ड्रुना कुठे आहे?

प्रश्न रास्त आहे, पण तो चुकीच्या नॉर्वेकडे बोट दाखवतो असे माझे मत आहे. पेडणे आणि डिचोली या दोन तालुक्यांपुरता विचार केला तर ते मत तपासून पाहता येते, कारण निसर्ग, दैवतकथा आणि वादन यांची गाठ इथे अजून सुटलेली नाही.

ती का सुटली नाही याचे कारण इतिहासात आहे. तिसवाडी, बार्देश, सासष्टी या जुन्या काबिजादीत सोळाव्या शतकातच देवळे पडली. 1560मध्ये आलेले इन्क्विझिशन, मधला थोडा खंड सोडला तर, 1812पर्यंत टिकले. 1736च्या फर्मानाने लग्नाच्या ओव्या आणि मांगल्याची वाद्येही गुन्ह्यात जमा केली. डिचोली आणि सत्तरी पोर्तुगिजांच्या हाती लागले ते 1780च्या दशकाच्या सुरुवातीला, पेडणे 1788मध्ये, तिन्ही सावंतवाडीकर भोसल्यांकडून. तोवर धर्मांतराचा जोर ओसरला होता आणि नव्या मुलखात देवस्थानांना हात लावायचा नाही असे धोरण ठरले होते. उलट भतग्राम, म्हणजे आजची डिचोली, हे पळून आलेल्या देवांचे आश्रयस्थान होते. दिवाडीचा सप्तकोटेश्वर नदी ओलांडून नार्व्याला आला आणि शिवाजी महाराजांनी 1668मध्ये त्याचे देऊळ उभारले, ते याच तालुक्यात. थोडक्यात, जे मडगावात किंवा म्हापशात संग्रहात शोधावे लागते ते साळ, मुळगाव, मोरजी इथे मांडावर, म्हणजे विधी-नाचगाण्याच्या गावच्या जागेवर, सापडते.

आता कथा. लईराई शिरगावची, केळबाई मुळगावची, महामाया मयेची, मोरजाई मोरजीची. शीतळाई आणि अंजदीवची आदिपा याही बहिणी. मिराबाई मात्र म्हापशाला गेली आणि मिलाग्रीस सायबीण झाली. तिच्या फेस्ताला हिंदूही तेल घेऊन जातात आणि कोणाला त्यात वावगे वाटत नाही. खेतोबा हा या बहिणींचा भाऊ. एका कथेप्रमाणे लईराईने त्याला विस्तव आणायला धाडले, तो वाटेत पोरांबरोबर खेळत बसला, आणि बहिणीने रागाच्या भरात त्याला लाथ मारली. मग पश्चात्ताप म्हणून तिने स्वतः निखाऱ्यांतून चालायचे ठरवले. केळबाईने आग डोक्यावर घेतली. गावागणिक तपशील बदलतो, बहिणींची यादीसुद्धा बदलते. पण सगळ्या कथा गावांना एकमेकांशी नात्यात बांधतात हे कायम राहते. हा एका मुलखाचा नकाशा आहे आणि तो पायांनी, आगीने आणि ढोलाने दरवर्षी पुन्हा काढला जातो.

वैशाख शुद्ध पंचमीला शिरगावात हे जवळून दिसते. लईराईचे भक्त, म्हणजे धोंड, आधीचे काही दिवस व्रतस्थ असतात. झऱ्या-विहिरीच्या कडेला मांडव घालून राहतात, स्वतः रांधतात, तळीत न्हाऊन येतात. हातात रंगीत गोंडे लावलेली वेताची काठी, तिला बेत म्हणतात. गळ्यात मोगऱ्याच्या कळ्यांच्या माळा. मोगरा लईराईच्या आवडीचा, म्हणून त्या रात्री घामाच्या, धुराच्या आणि मोगऱ्याच्या वासात अंतर राहत नाही. ढोल चालू असतो, धोंड बेत आपटत गोल फिरतात, आणि पहाटेकडे होमखणाचे, म्हणजे रचून पेटवलेल्या लाकडांच्या ढिगाचे, निखारे पसरले की एकेक जण धावत आरपार जातो. यात संगीतकार कोण? ढोल वाजवणारा की बेताने ताल धरणारा की अनवाणी धावणारा? उत्तर युरोपातल्या महोत्सवांत अशा प्रयोगाला आंतरशाखीय कला म्हणतात आणि तिकीट लावतात. शिरगावात त्याला जत्रा म्हणतात, आणि गर्दी किती असते हे 3 मे 2025च्या पहाटे चेंगराचेंगरीत माणसे दगावली तेव्हा साऱ्या देशाला कळले. ती दुर्घटना इथे सांगितली ती एवढ्यासाठी की विधीला रोमँटिक चष्म्यातून पाहणाऱ्यांना अरुंद वाट आणि उतार दिसत नाहीत.

साळचे गडे ही दुसरी गोष्ट. फाल्गुनात होळीनंतरच्या रात्री गावातले दिवे मालवतात, गडे अंगात वारे भरल्यासारखे काळोखात डोंगराकडे धावतात आणि राखणदार देवचाराच्या दिवट्या त्यांना वाट दाखवतात असे लोक मानतात. नॉर्वेत धबधब्यात राहणारा फॉसेग्रिम नावाचा एक पाण्याचा आत्मा आहे. मांसाचा नैवेद्य दिला की तो फिडल शिकवतो अशी समजूत. दोन्हींत रानातली शक्ती माणसाला काहीतरी देते. पण नॉर्वेच्या फिडलवाल्याला ही कथा आज कार्यक्रमाआधी सांगायला उरली आहे. साळच्या गड्याला ती सांगावी लागत नाही, कारण त्या रात्री तो स्वतःच तिच्यात असतो. पेडण्याच्या पुनवेचेही तेच. कोजागरीला रवळनाथ आणि भूतनाथ यांची तरंगे निघतात, भूतनाथ आपले देऊळ एका रात्रीत बांधा म्हणून रुसून डोंगराकडे धाव घेतो आणि भक्त त्याची समजूत घालून परत आणतात. हे नाटक दरवर्षी तेच असूनही दरवर्षी त्याचा ताण खरा असतो. ढोल-ताशांची लय त्या ताणाबरोबर चढते. ती आधी बसवलेली नसते.

दशावतारी कलाकार हा तर या सगळ्याचा कळसच. पेडणे आणि पलीकडचा सिंधुदुर्ग हा एकच दशावतारी मुलूख आहे. तेरेखोलची खाडी ही सरकारी सीमा, रंगभूमीची नव्हे. आधी गणपती, ऋद्धिसिद्धी, मोरावरची सरस्वती, ब्रह्मदेव; मग काळ्या वेषातला, मालवणीत लोकांची फिरकी घेणारा संकासूर; त्याचा वध झाला की आख्यान. संहिता नाही. संध्याकाळी पेटाऱ्यासमोर बसून कथेचा सांगाडा ठरतो आणि बाकीचे मंचावर सुचत जाते. नट स्वतःचा चेहरा स्वतः रंगवतो, पदे स्वतः गातो, तलवार घेऊन नाचतो, पहाटे दहीकाला फोडतो आणि सकाळी शेतात नाहीतर नोकरीवर हजर. पायपेटी, मृदंग आणि झांज, एवढ्या तीन वाद्यांवर रात्र निघते. पेटीवाला नटाच्या तोंडाकडे पाहत असतो. राजा कुठल्या सुरात रागावणार हे त्याला राजाच्या आधी कळते. असे संगीतदिग्दर्शन कुठल्या शाळेत शिकवत नाहीत. 2025मध्ये आलेल्या सुबोध खानोलकरांच्या ‘दशावतार’ चित्रपटात दिलीप प्रभावळकरांनी असा म्हातारा कलावंत उभा केला आणि त्याला खाणीच्या प्रश्नाशी भिडवले, ही गाठ योगायोगाची नाही. ती पुढे येईलच.

वाद्यांत घुमटाकडे थोडे थांबून पाहावे. भाजलेल्या मातीचा मडक्यासारखा घट, दोन्ही बाजूंनी उघडा. रुंद तोंडावर कातडे ताणलेले. उजव्या हाताच्या बोटांनी वाजवायचे आणि डाव्या तळव्याने अरुंद तोंड झाकत-उघडत नाद आत-बाहेर खेळवायचा. सोबत काड्यांनी वाजणारे शमेळ आणि काशाची कासाळी. डिचोली मातीच्या भांड्यांसाठी जुनी प्रसिद्ध, घुमटही तिथल्या चाकावर घडतो. कातडे पूर्वी घोरपडीचे असे. घोरपड वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, तेव्हा ते बंद झाले आणि बकऱ्याचे कातडे आले. 2019मध्ये राज्य सरकारने घुमटाला वारसावाद्याचा दर्जा दिला तो या बदललेल्या घुमटाला. जुने वाजवणारे म्हणतात, आवाज तोच नाही. बरोबर असावे, घुमटावर आरत्या होतात ती गणेश चतुर्थी ऐन पावसात येते, आणि दमट हवेत बकऱ्याचे कातडे सैल पडते, आरती मध्येच थांबवून ते शेकावे लागते. पण घोरपड जिवंत राहावी म्हणून वाद्याने आपला सूर थोडा सोडला, ही गोष्ट मला तरी गमावण्याची वाटत नाही. फिनलंडच्या ‘कालेवाला’त वाइनामोइनेन एका प्रचंड माशाच्या जबड्याचे हाड घेऊन पहिले कांतेले घडवतो. तिथे प्राण्याचे वाद्य कथेत राहिले, इथे ते कायद्यात अडकले आणि त्यातून वाट काढून अजून वाजते आहे.

बायकांचा ढालो मी थोडक्यात घेतो, तो कमी महत्त्वाचा म्हणून नव्हे. पुरुषांना त्यात फारसा प्रवेश नाही आणि तसाच तो असावा. पौषाच्या चांदण्या रात्री मांडावर दोन रांगा, समोरासमोर, पुढे-मागे हलणाऱ्या. धरतीला, वनदेवतेला घातलेली साद. शेवटच्या रात्री रंभा अंगात येणे. वाद्य एकही नाही. पावलांची सरक हाच ताल.

या सगळ्यावर लिहिले काय गेले? बरेच, पण तुकड्यातुकड्याने. विनायक खेडेकरांचा ‘लोकसरिता’ हा अजूनही आधारग्रंथ. गोव्यातले विधी आणि कला यांचा एवढा पट मराठीत दुसऱ्या कोणी मांडलेला नाही. रा. चिं. ढेरे यांनी ‘लज्जागौरी’त वारूळ, भूमी आणि वारुळाच्या रूपात पुजली जाणारी सातेरी यांचे नाते उलगडले, त्यामुळे गाभाऱ्यातले वारूळ ही केवळ गावठी समजूत नाही हे विद्यापीठांना मान्य करावे लागले. राजेंद्र केरकर देवराया, झरे, पठारे यांच्या बाजूने लोकदैवतांकडे पाहतात, आणि आजच्या संगीतकाराला खरे तर हीच बाजू सर्वाधिक उपयोगी आहे. पांडुरंग फळदेसाई, जयंती नायक यांचे काम आहेच. उणीव नादाची आहे. पदांचे शब्द छापले गेले, लय कोणी लिहून ठेवली नाही. सुवारी या समूहवादनात घुमट, शमेळ आणि कासाळे एकमेकांच्या आत कसे बसतात याचे बारीक विश्लेषण शोधायला जावे तर हाती जे लागते ते तुटपुंजे. ध्वनिमुद्रणे आहेत, ती सरकारी कपाटांत आणि लोकांच्या फोनमध्ये.

परंपरेतून बाहेर पडून एकट्याने नाव केलेल्यांची वाट वेगळी. पेडण्यातल्या मालप्याच्या अंजनीबाई मालपेकर (1883-1974) भेंडीबाजार घराण्याच्या नझीर खाँकडे शिकल्या, मुंबईत गाजल्या, राजा रविवर्म्याच्या चित्रांसाठी त्यांनी बैठक दिली असे सांगतात, आणि 1958मध्ये संगीत नाटक अकादमीची फेलोशिप मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री ठरल्या. पुढे कुमार गंधर्व, किशोरी आमोणकर त्यांच्याकडे शिकायला आले. पण त्यांच्या गाण्यात मालपे शोधू नये. देवळाच्या सेवेतून सुटण्याची किंमत गाव मागे टाकणे हीच होती आणि कलावंत घराण्यातल्या बाईने ती आनंदाने मोजली असेल तर तिला दोष देण्याचा अधिकार आपल्याला नाही. शापोराच्या अलीकडच्या काठावर, शिवोलीत, रेमो फर्नांडिस हे दुसरे टोक. शिक्षणाने वास्तुकार, चित्रे काढणारा, लिहिणारा, 1984मध्ये ‘गोवन क्रेझी’ घरीच मुद्रित करून स्वतः विकणारा. बहुकलेचे उदाहरण म्हणून उत्तम; पण त्याचा गोवा बाजाराचा, बोटीचा, गप्पांचा आहे, वारुळाचा नाही. हणजुण्याकडून आलेल्या ट्रान्स संगीताने शिव-गणपतीची चित्रे पडद्यावर फिरवली, त्या दैवतांशी देण्याघेण्याचे नाते मात्र जोडले नाही. मोरजी-आश्वेच्या वाळूत ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालायला येतात आणि मोठे आवाज, झगझगीत दिवे त्यांना नको असतात. निसर्गाने प्रेरित संगीताची पहिली कसोटी मी तिथेच लावीन.

आता त्या दुसऱ्या नॉर्वेकडे. व्हायकिंगांचा धर्म हजार वर्षांपूर्वी ख्रिस्ती राजांनी मोडला. सेल्विक जे करतो ते तुटलेल्या धाग्याची कल्पनेने केलेली विणकाम-दुरुस्ती, आणि तो हे लपवत नाही. पण नॉर्वे आणि शेजारच्या देशांच्या उत्तरेला सामी लोक आहेत. त्यांचे ढोल सतराव्या-अठराव्या शतकांत मिशनऱ्यांनी जप्त केले, जाळले. त्यांचे योइक हे गाणे पाप ठरले. तरी ते मेले नाही. निल्स-अस्लाक वाल्केआपा (1943-2001) हा सामी माणूस योइक गायचा, कविता लिहायचा, चित्रे काढायचा, जुनी छायाचित्रे गोळा करायचा. त्याच्या काव्यग्रंथाला 1991मध्ये नॉर्डिक कौन्सिलचा साहित्य पुरस्कार मिळाला. पक्ष्यांच्या आवाजांतून त्याने सिम्फनी रचली आणि 1994मध्ये लिलेहामर ऑलिंपिकच्या उद्‌घाटनात सामी पोशाखात योइक गायला. हा नॉर्डिक निसर्ग आणि दैवतकथा यांचा खरा बहुकलावंत. त्याला वस्तुसंग्रहालयातून काही उकरून काढावे लागले नाही. त्याला लढावे लागले. 1980च्या आसपास आल्ता नदीवरच्या धरणाविरुद्ध सामी उठले. धरण झालेच, पण त्या लढ्यातून सामी संगीताची नवी पिढी उभी राहिली. गायिका मारी बोइने त्यातलीच.

पेडणे-डिचोलीचे साम्य व्हायकिंगांशी नाही, सामींशी आहे. इथे कथा हरवलेली नाही, विधी हरवलेला नाही, वादक हरवलेला नाही. धोका आहे तो जमिनीला. मोपाच्या पठारावरच्या विमानतळाला दिलेला पर्यावरण परवाना सर्वोच्च न्यायालयाने मार्च 2019मध्ये स्थगित केला, जानेवारी 2020मध्ये वाट मोकळी झाली आणि 5 जानेवारी 2023पासून विमाने उतरू लागली. पेडण्याच्या जमिनीचे भाव आणि लोकांचे झोपेचे तास दोन्ही बदलले. डिचोलीत लोहखनिजाच्या खाणींनी शिरगाव-मुळगावच्या विहिरी आणि शेते पोखरली. 2012मध्ये खाणी थांबल्या, पुन्हा सुरू झाल्या, 2018मध्ये न्यायालयाने नूतनीकरणे रद्द केली. डिसेंबर 2022मध्ये लिलाव झालेला डिचोलीचा पहिला पट्टा मुळगाव, लामगाव, मये, शिरगाव याच नावांचा आहे. बहिणींच्या गावांची यादी आणि खनिजपट्ट्याची यादी शेजारी ठेवून पाहावी. मुळगावचे लोक आपली घरे, देवळे, तळी पट्ट्यातून वगळा म्हणून मागणी करत आले आहेत, त्यांना कोणी लोककलेचे अभ्यासक म्हणत नाही. आइसलंडमध्ये 2008मध्ये ब्योर्क आणि सिगुर रोस यांनी ॲल्युमिनियमच्या कारखान्यांविरुद्ध रेकयाविकच्या मैदानात फुकट मैफल केली होती. आपल्याकडे घुमट आरतीच्या स्पर्धा जोरात होतात, आता बायकांची पथकेही उतरतात आणि ती झकास वाजवतात. बक्षीस-फलकावर प्रायोजक म्हणून कोणाचे नाव आहे ते मात्र एकदा वाचावे.

तरीही नव्या संगीतकाराने काहीच करू नये असे नाही. घुमट आरतीतून बाहेर आला तर बाटत नाही. तो ख्रिस्ती घरांत मांडो या गाण्याला कधीपासून वाजतो आहे. फिनलंडचा संगीतकार राउतावारा याने 1972मध्ये उत्तरेच्या दलदलीतल्या पक्ष्यांच्या मुद्रणासाठी वाद्यवृंद लिहिला. मयेच्या तळ्यावर, हरवळ्याच्या धबधब्याजवळ तसे कोणी करू शकेल, आणि त्यासाठी गड्यांचा काळोख स्टेजवर आणण्याची गरज नाही. विधीतले काय उचलता येईल हे कलावंताने एकट्याने ठरवायचे नसते. ‘कांतारा’ चित्रपटानंतर भूतकोल विधीचा वेष घालून लोक लग्नात नाचू लागले तेव्हा तुळुनाडूतून जी कुरबूर झाली ती ऐकण्यासारखी होती.

सामींकडे योइकाचा एक नियम आहे. योइक ज्याच्यावर केले त्याचे असते, रचणाऱ्याचे नसते. हा नियम आपल्या मुद्रणांना लावून पाहावा. साळच्या रात्रीचा नाद घेऊन कोणी अल्बम काढला तर मालकीच्या रकान्यात साळ गावाचे, मांडाचे नाव पडायला हवे आणि पैशाचा वाटा मांडाच्या दुरुस्तीला, वाद्याच्या कातड्याला आणि डिचोलीच्या कुंभाराला जायला हवा. कायद्यात आज अशी तरतूद शोधावी लागते. करारपत्रात ती घालायला कोणाची ना नाही. राज्याच्या कला-संस्कृती खात्याने अनुदानाच्या अर्जात एवढी एक अट टाकली तरी पुढच्या शिगम्याआधी सुरुवात होईल.